सातपुड्यांतील पाडे आणि आपत्तीची योजना

‘आदिवासी म्हणजे निसर्गपुत्र, त्याला पुराचें काय भय?’ हें सुभाषित जळगांव-धुळ्याच्या बैठकींतून अजून ऐकूं येतें. निसर्गपुत्रासही सर्पदंश होतो, हें बोलणारांस सुचत नाहीं. २००५ च्या कायद्यानें जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालीं प्राधिकरण नेमून आपत्तीची योजना करावयास सांगितलें. परंतु १९९८ त धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या नंदुरबारच्या अक्राणींत, किंवा यावल-चोपड्याच्या रानांत, आपत्ति म्हणजे काय? नाला फुगला कीं पाडा जगापासून तुटतो, आणि अडलेली बाई बांबूच्या झोळींतून माणसांच्या खांद्यांवर डोंगर उतरते. पुराच्या दिवशीं नावा नि दोर धाडून हें कसें निवारणार? धान्य, औषधें, शिकलेली दाई आणि बिनतारी यंत्र हीं मृगापूर्वीं पाड्यावर पोंचलीं पाहिजेत. आणि कोणता नाला आधीं फुगतो हें तेथील वृद्धांस विचारूनच योजना लिहिली पाहिजे.

‘जंगलाचा कायदा आड येतो’ ही सबब तर अगदींच लंगडी! २००६ च्या वनहक्क कायद्यानें रस्ता, दवाखाना अशा प्रत्येक कामास १ हेक्टरच्या आंत वनजमीन देतां येते. अट इतकीच कीं, ग्रामसभेची शिफारस असावी आणि हेक्टरीं ७५ हून अधिक झाडें तुटूं नयेत. मग रस्ता अडविला कोणी?