जुन्या गाडीचा डॅशबोर्ड नवा केलाय? मग त्या स्क्रीनच्या आत काय आहे तेही बघा

माझे मामा शनिशिंगणापूरला राहतात. नेवासा तालुक्यातलं हेच ते गाव, जिथं घराला चौकट असते पण दार नसतं. कुत्रं-मांजर आत येऊ नये म्हणून रात्री एखादी फळी आडवी लावतात, बस. गेल्या दिवाळीत गेलो तर मामांनी आधी फराळ नाही, गाडी दाखवली. २००९ ची छोटी पेट्रोल गाडी, पण आत बसल्यावर ओळखूच येईना. तडे गेलेला डॅशबोर्ड रेक्झिनने मढवलेला, आणि मधोमध नऊ इंचांची चकाचक अँड्रॉइड स्क्रीन.

मी सवयीने सेटिंग्ज उघडली आणि म्हटलं, "मामा, याला पासवर्ड नाही टाकला?"

मामा हसले. "आरं, इथं घराला कडी नाय आन् गाडीतल्या टीव्हीला पासवर्ड कशाला?"

हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे. तेव्हा मला नीट देता आलं नव्हतं.

आधी हे सांगतो, की मामांनी खर्च केला त्यात वेडेपणा काही नव्हता. २०२४ मध्ये गाडीला १५ वर्षं झाली. ५,००० रुपये भरून नोंदणीचं नूतनीकरण केलं, वर पर्यावरण कर, मग एप्रिल २०१९ आधीची गाडी म्हणून नवी नंबर प्लेट. त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने २० वर्षांवरच्या गाड्यांची नूतनीकरण फी वाढवली: कारला १०,००० रुपये, मोटरसायकलला २,०००. एवढं भरून गाडी ठेवायचीच असेल, इंजिन ठणठणीत असेल आणि विकायला गेल्यावर लोक हसण्यासारखा भाव देत असतील, तर माणूस म्हणतो की निदान आत बसल्यावर तरी बरं वाटू दे. हा विचार आज हजारो घरांत चालू आहे. तुमच्या बाबांची गाडी आठवा.

डॅशबोर्डला तडे का जातात? प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर नावाची रसायनं घालतात. गाडी उन्हात उभी राहिली की डॅशबोर्डचा पृष्ठभाग ७० अंशांच्या आसपास सहज तापतो, आणि ही रसायनं हळूहळू उडून जातात. समोरच्या काचेवर आतून जो तेलकट धुरकट थर बसतो ना, त्यात बराचसा भाग तुमच्या डॅशबोर्डचाच असतो. मऊपणा गेला, वरून अतिनील किरणांचा मारा, मग एअर व्हेंटच्या कोपऱ्यापासून तडा. शनी अमावास्येला शिंगणापूरच्या उघड्या पार्किंगमध्ये दिवसभर उभ्या असलेल्या गाड्या बघा, प्रत्येक डॅशबोर्डवर हा प्रयोग चालू असतो.

यावर आपल्याकडच्या कारागिरांचे इलाज खरंच चांगले आहेत. तड्यात खायचा सोडा भरून वर फेविक्विकसारखा गोंद सोडला की दोन सेकंदांत दगडासारखं घट्ट होतं. जुगाड वाटतो, पण त्यामागे केमिस्ट्री आहे: सोडा अल्कधर्मी असल्यामुळे सायनोॲक्रिलेट झटकन जमतं. मात्र ते तापतं आणि धूर डोळ्यांत जातो, दारं उघडी ठेवा. बटणांवरचा रबरी थर चिकट झाला असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला की निघतो. चकचकीत सिलिकॉन पॉलिश मात्र मारू नका, दुपारी त्याचं प्रतिबिंब काचेवर पडतं आणि समोरचा रस्ता दिसत नाही. आणि डाव्या बाजूला एअरबॅग असेल तर तिच्या झाकणावर रेक्झिन नको, मूर्तीही नको. एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुटते, वर जे असेल ते थेट माणसाच्या तोंडावर. मामांच्या गाडीला एअरबॅगच नाही, त्यामुळे त्यांचे शनिदेव डॅशबोर्डवर सुखात आहेत.

आता स्क्रीन.

इथं दोन गोष्टींची सतत गल्लत होते. 'अँड्रॉइड ऑटो' म्हणजे स्क्रीन फक्त आरसा. नकाशा, गाणी, कॉल सगळं तुमच्या फोनवर चालतं आणि चित्र समोर दिसतं. फोनला अपडेट आलं की काम झालं. 'अँड्रॉइड स्टिरिओ' म्हणजे तो स्वतःच एक टॅबलेट. स्वतःचा प्रोसेसर, स्वतःचं वायफाय, स्वतःचं प्ले स्टोअर. दुकानात दोन्ही 'अँड्रॉइडवाला' म्हणूनच विकतात. मामांनी घेतलेला दुसऱ्या प्रकारचा, ऑनलाइन मागवलेला, डब्यावर कंपनीचं नाव असं नव्हतंच.

अबाउटमध्ये लिहिलं होतं अँड्रॉइड १३. मी प्ले स्टोअरवरून डिव्हाइसची माहिती दाखवणारं एक ॲप टाकलं. एपीआय लेव्हल निघाली २८. अँड्रॉइड १३ ची एपीआय लेव्हल ३३ असते, २८ म्हणजे अँड्रॉइड ९, २०१८ सालचं. म्हणजे नुसता आकडा रंगवलेला. काही महाभाग रॅमसुद्धा अशीच रंगवतात. मग प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये अबाउटखाली प्ले प्रोटेक्ट सर्टिफिकेशन बघितलं: डिव्हाइस सर्टिफाइड नाही. आणि त्याच डिव्हाइसवर मामांचं मुख्य जीमेल लॉगिन होतं. बसवणाऱ्या पोराने गाणी चालावीत म्हणून करून दिलेलं. त्याच जीमेलवर मामांचे फोटो, कॉन्टॅक्ट, बँकेचे मेल, सगळं.

एक साधी चाचणी केली. माझ्या फोनचा हॉटस्पॉट दिला, स्क्रीनवर फक्त एफएम रेडिओ लावला आणि घोडेगाव फाट्यापर्यंत जाऊन आलो. एफएमला इंटरनेट लागत नाही. तरी डेटा गेला ३८० एमबी. एवढ्यावरून मालवेअर सिद्ध होत नाही, मागे एखादं अपडेटही उतरत असू शकतं. पण पोटात गोळा आला, कारण मी जूनमधली बातमी वाचली होती.

५ जून २०२५ ला अमेरिकेच्या एफबीआयने एक जाहीर इशारा दिला. 'बॅडबॉक्स २.०' नावाचं जाळं स्वस्त अँड्रॉइड उपकरणांतून पसरतंय: टीव्ही बॉक्स, प्रोजेक्टर, डिजिटल फोटो फ्रेम, आणि त्या यादीत स्पष्ट शब्दांत, गाडीत नंतर बसवलेल्या इन्फोटेनमेंट स्क्रीन. काही उपकरणांत मालवेअर विकण्याआधीच भरलेलं असतं, काहींत पहिल्यांदा चालू करताना अनोळखी ॲप स्टोअरमधून येतं. जुलैमध्ये गुगलने हे जाळं चालवणाऱ्यांवर न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा ठोकला आणि बाधित उपकरणांचा आकडा सांगितला एक कोटीच्या वर.

हे मालवेअर करतं काय? तुमची स्क्रीन लॉक करून खंडणी मागत नाही. ते गुपचूप बसतं. लपून जाहिरातींवर क्लिक करतं, आणि मुख्य म्हणजे तुमचं इंटरनेट भाड्याने देतं. जगात कुठला तरी भामटा कुणाच्या तरी खात्यात घुसायचा प्रयत्न करतो आणि समोरच्या सर्व्हरला दिसतो तुमच्या कनेक्शनचा पत्ता. म्हणजे चोर तुमच्या घरातून बाहेर पडताना दिसतो, तुम्ही झोपलेले असलात तरी. गाडी चालवताना हॉटस्पॉट मामांच्या सिमचा, सिम मामांच्या आधारवर. चौकशी आली तर कुणाकडे येणार?

घाबरवायचं नाही, म्हणून हेही सांगतो. २००९ च्या या गाडीत स्टिरिओची इंजिनाशी किंवा ब्रेकशी काहीही बोलणी नाहीत. पिवळी वायर बॅटरीची, लाल चावीची, काळी अर्थ, बाकी स्पीकर. कोणी हॅक केली म्हणून गाडी थांबणार नाही. नव्या गाड्यांत स्टिअरिंगवरची बटणं चालावीत म्हणून कॅन डिकोडर नावाची डबी जोडतात, तिथं प्रश्न वेगळा होतो. युरोपात जुलै २०२४ पासून सगळ्या नव्या गाड्यांना सायबर सुरक्षेचे नियम लागू आहेत, पण ते गाडी बनवणाऱ्या कंपनीला बांधतात, नंतर बसवलेल्या स्क्रीनला नाही. आपल्याकडे फिटनेसला ब्रेक, लाइट, धूर बघतात. स्क्रीनच्या आत कोणीच बघत नाही. माझं स्पष्ट मत आहे की या स्क्रीन विकणाऱ्या वेबसाइटवर खरी अँड्रॉइड आवृत्ती आणि सर्टिफिकेशन लिहिणं सक्तीचं व्हायला हवं, जसं पाकिटावर एक्सपायरी लिहितात तसं.

आता मामांच्या प्रश्नाकडे येतो. शिंगणापूरला घरं उघडी चालतात कारण गाव एकमेकांना ओळखतं आणि शनीचा धाक आहे. पण गावातल्याच गोष्टी बघा. २०१० मध्ये बाहेरून आलेल्या एका भाविकाने ३५,००० रुपयांचा ऐवज गेल्याची तक्रार केली, ती घरातून नाही, गाडीतून. जानेवारी २०११ मध्ये यूको बँकेने इथं शाखा काढली, देशातली पहिली बिनकुलपाची बँक म्हणून कौतुक झालं. पण तिच्या काचेच्या दाराला रिमोटवर चालणारं विद्युतचुंबकीय कुलूप होतं, चटकन दिसणार नाही असं. गावाचा मानही राखला, पैसेही राखले. मला हे डिझाइन फार आवडतं. आणि २०२५ मध्ये याच देवस्थानच्या नावाने बनावट ॲप काढून ऑनलाइन पूजेचे पैसे उकळल्याचं प्रकरण विधानसभेत गाजलं, गुन्हे दाखल झाले. इंटरनेटवरून येणाऱ्याला शनीचा धाक नसतो, हे गावाने तेव्हा बघितलं.

मी मामांना हेच सांगितलं. दार नसू दे, ते यूको बँकेसारखं करू. मामा म्हणाले, "मंग कर की."

पाऊण तास लागला. जीमेल काढलं आणि मामांच्या फोनवरून त्या स्क्रीनचं लॉगिनही रद्द केलं, कारण नुसतं स्क्रीनवरून साइन आउट करून भागत नाही. पासवर्ड बदलला, टू स्टेप व्हेरिफिकेशन चालू केलं. फॅक्टरी रीसेट मारला, पण त्यावर भरवसा ठेवला नाही: मालवेअर फर्मवेअरमध्ये असेल तर रीसेटनंतरही तिथंच राहतं. म्हणून वायफाय कायमचं बंद. ब्लूटूथ फोनला जोडताना कॉन्टॅक्ट शेअर करायची परवानगी नाकारली. कॉल येतो, नाव दिसत नाही, नंबर दिसतो, चालतंय. नकाशा फोनवर, फोन दोनशे रुपयांच्या होल्डरमध्ये.

तुम्ही नवीन घेणार असाल तर सरळ अँड्रॉइड ऑटो चालणारा, नावाजलेल्या कंपनीचा साधा रिसीव्हर घ्या. स्क्रीन दोन इंच लहान मिळेल. आणि बसवणाऱ्याला गाडीची मूळ वायरिंग कापू देऊ नका, कपलर मागा. मामांची बॅटरी आठवड्यात दोनदा उतरत होती ती का, तेही त्याच दिवशी कळलं: पिवळी आणि लाल वायर एकत्र पिळून टेप मारलेली, म्हणजे चावी काढली तरी स्क्रीन रात्रभर जागीच.

वायर वेगळ्या केल्या. परवा मामांचा फोन आला होता. बॅटरी ठीक, रिव्हर्स कॅमेरा ठीक, रेडिओ ठीक. डाव्या व्हेंटजवळ रेक्झिन मात्र उन्हाने सुटायला लागलंय, आणि सोडा कुठला वापरायचा, खायचा की कपड्यांचा, असं विचारत होते.