श्वासाबरोबर हलणारी गाठ

फुप्फुसाच्या कर्करोगावर किरणोपचार, म्हणजे बोलीभाषेत 'शेक' किंवा 'लाइट', सुरू झाला की रुग्णाला टेबलावर निजवताना सांगतात, "अजिबात हलू नका." बिचारा रुग्ण आधीच धास्तावलेला. तो श्वासही आखडून धरतो, मग दम कोंडतो आणि खोकल्याची उबळ येते. खरे तर ही सूचना हात-खांदे न हलवण्यासाठी असते. श्वास रोखायचा तो आधी तसे ठरले असेल तरच.

श्वासाला इतके महत्त्व का? मेंदूतली गाठ कवटीच्या आत जवळजवळ जागच्या जागी असते. फुप्फुसाचे तसे नाही. माणूस निवांत असतानाही मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. प्रत्येक श्वासाला छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा खाली-वर होतो. त्याच्या जवळची, म्हणजे फुप्फुसाच्या खालच्या भागातली गाठ एक-दोन सेंटिमीटरही सरकू शकते. वरच्या भागातली गाठ मात्र बहुधा काही मिलीमीटरच हलते.

नेम चुकू नये म्हणून सोपा उपाय म्हणजे गाठीभोवतीचा बराच भाग किरणांखाली घेणे. पण याची किंमत मोठी. २ सेंटिमीटर व्यासाच्या गोल गाठीभोवती सगळीकडून १ सेंटिमीटर जागा धरली, तर किरणांखाली येणारा भाग गाठीच्या आठपट होतो. त्यातले सात भाग निरोगी! निरोगी फुप्फुसावर जास्त किरण पडले तर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी त्याला सूज येऊन धाप आणि कोरडा खोकला मागे लागू शकतो. आधीच धूम्रपानाने खंगलेल्या फुप्फुसाला हे कसे परवडणार?

श्वासाच्या लयीशी किरणांची वेळ जुळवण्यात जपानने मोठी कामगिरी केली आहे. त्सुकुबा विद्यापीठातील डॉक्टरांनी श्वासाच्या ठरावीक टप्प्यावरच किरण सोडण्याची पद्धत १९८९ मध्ये मांडली. पुढे होक्काइडो विद्यापीठात डॉ. हिरोकी शिराटो यांच्या गटाने गाठीजवळ सोन्याची दीड-दोन मिलीमीटरची गोळी ठेवली. क्ष-किरणांनी तिच्यावर सेकंदाला ३० वेळा नजर ठेवायची, आणि गोळी ठरलेल्या जागी आली की तेवढ्यापुरतेच किरण सोडायचे, अशी ही युक्ती होती.

आता उपचारांपूर्वी असा सी. टी. स्कॅन काढता येतो, ज्यात एका श्वासाचे साधारण दहा टप्पे वेगवेगळे दिसतात. गाठ कुठून कुठे जाते हे त्यावरून कळते. ती ५ मिलीमीटरपेक्षा जास्त हलत असेल, तर काहीतरी तजवीज करावी, असा सल्ला अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २००६ मध्ये दिला. मग कुणाच्या पोटावर पट्टा किंवा फळी दाबून श्वास उथळ ठेवतात, तर कुणाला १५-२० सेकंद श्वास रोखायला शिकवतात. काही यंत्रे गाठीच्या मागोमाग किरणांचा झोतच फिरवतात. शिवाय उपचारांपूर्वी टेबलावरच स्कॅन घेऊन गाठ जागेवर आहे ना, हे ताडून पाहता येते. एकेका वेळी मोठी मात्रा देऊन मोजक्याच बैठकांत उपचार संपवायचे असतील, तेव्हा ही काळजी फारच मोलाची ठरते.

यात सर्वांत महाग यंत्र तेच सर्वांत चांगले, असा समज घरच्यांनी करून घेऊ नये. जुनाट दम्याच्या सत्तरीतल्या आजोबांना २० सेकंद श्वास रोखता येणार नाही. त्यांच्यासाठी संथ, नेहमीचा श्वास आणि गाठीच्या पूर्ण फेरीला पुरेल एवढाच भाग धरणे हेच बरे. वरच्या भागातली गाठ जेमतेम हलत असेल, तर खर्चिक सोयीची गरजही नसेल. म्हणून "गाठ किती हलते, आणि त्यासाठी तुम्ही काय करणार आहात?" असे डॉक्टरांना सरळ विचारावे. हा प्रश्न विचारण्यात संकोच कसला?

रुग्णाचाही यात मोठा वाटा आहे. सगळी आखणी स्कॅनच्या दिवशीच्या श्वासावर बेतलेली असते. प्राणायाम चांगला म्हणून पुढे टेबलावर कुणी मनानेच दीर्घ श्वसन सुरू केले, तर गाठीची वाट बदलते. श्वास रोखण्याची पद्धत ठरली असेल, तर डॉक्टरांनी दाखवला तसाच सराव घरी करावा. घड्याळ लावायला नातवंडांना बसवावे, त्यांनाही मजा वाटते. सर्दी-खोकला वाढला असेल किंवा धाप लागत असेल, तर टेबलावर चढण्यापूर्वीच सांगावे.

आणि खोलीत रुग्ण एकटा असला तरी बाहेरची माणसे त्याला पडद्यावर पाहत असतात. उबळ आवरेनाशी झाली तर काय खूण करायची, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवावे. खूण दिसताच त्यांना किरण लगेच थांबवता येतात आणि उरलेला उपचार नंतर पुढे चालू करता येतो.