टाकीत काही मुरत नाही

गणपतीच्या आदल्या दिवशी कणकवलीला उतरून गावी पोचलो, हातपाय धुतले आणि थेट मांगरात गेलो. ताडपत्रीखाली गाडी उभी होती. गेल्या वर्षीच्या शिमग्याला मीच ती तिथे लावलेली. ‘मे महिन्यात येतोच की’ म्हणून अर्धी टाकी पेट्रोलही तसंच ठेवलेलं. तो मे हुकला, पुढचाही हुकला. गाडीने दीड वर्ष आणि दोन पावसाळे एकटीने काढले. गणपतीच्या चित्रशाळेतून मूर्ती आणायला गाडी न्यायची, म्हणून ऐटीत चावी फिरवली. ‘टक्’ एवढाच आवाज आला. बॅटरी मेलेली.

खालच्या वाडीतल्या मिस्त्रीला बोलावलं. वाटलं, दुसरी बॅटरी जोडेल, सेल्फ मारेल, झालं काम. त्याने बॉनेटला हातही लावला नाही. टाकीचं झाकण काढलं, वास घेतला आणि म्हणाला, “काकांनू, चावी फिरवू नकात. ह्या पेट्रोल न्हय, वार्निश झाला.”

नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढायचा आपल्याकडचा जुना प्रकार त्याने केला नाही. तसं करताना घोटभर पेट्रोल फुप्फुसात गेलं तर माणूस थेट हॉस्पिटलात. त्याने हातपंप लावून तळातलं थोडं काढलं आणि काचेच्या बरणीत ओतून पायरीवर ठेवलं. रंग फिकट चहाचा. दहा मिनिटांनी पाहतो तर बरणीत आडवी रेघ उमटलेली. वर पेट्रोल, खाली गढूळसर दुसरंच काही. झाकणाचं रबर तडकलं होतं आणि ताडपत्रीच्या खळग्यात साठलेलं पावसाचं पाणी नेमकं तिथेच झिरपत होतं.

पेट्रोल हा एक पदार्थ नसतो, अनेक हायड्रोकार्बनांचं ते मिश्रण असतं. त्यातले हलके घटक गाडी चटकन सुरू करून देतात, आणि उडून जातात तेही तेच आधी. उरलेल्यांना हवेतला ऑक्सिजन लागत राहिला की डिंकासारखा चिकटा तयार होतो. तो फिल्टरमध्ये, इंजेक्टरच्या बारीक भोकांत जाऊन बसतो. जुन्या गाडीत कार्बोरेटरचं जेट धरतो.

त्यात आता इथेनॉल आहे. २०१८च्या जैवइंधन धोरणात वीस टक्के मिश्रणासाठी २०३० साल धरलं होतं, ते पुढे २०२५-२६वर आणलं गेलं. हे इथेनॉल उसाचं, मक्याचं, धान्याचं. शेतकऱ्याला त्याचा उपयोग आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण इथेनॉलला पाण्याची ओढ फार. थोडं पाणी ते पोटात घेतं. पाणी जास्त झालं की पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाशी जाऊन बसतं. गाडीच्या पंपाचं तोंडही तळाशीच. म्हणजे बॅटरी जिवंत असती तर माझ्या पहिल्याच चावीला ते पाणी इंजेक्टरपर्यंत गेलं असतं. मेलेल्या बॅटरीनेच माझा खर्च वाचवला.

टाकी उतरवली, धुतली, वाळवली, फिल्टर बदलला, झाकण नवं घातलं. प्रश्न उरला काढलेल्या पेट्रोलचा. शेजारचे तात्या म्हणाले, “ओत त्या पातेऱ्यावर आणि लाव काडी, नायतर पऱ्ह्यात सोड.” मिस्त्रीने दोन्हीला नकार दिला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरते. काडी लावणारा आधी पेटतो. आणि पऱ्ह्याच्या काठावर तर आमची विहीर. शेवटी त्याने ते लोखंडी डब्यात बंद करून, वर खडूने लिहून, गॅरेजमधलं जळकं तेल नेणाऱ्यासाठी वेगळं ठेवलं.

लोणचं मुरतं, आगळ वर्षभर टिकतं, तसं पेट्रोलही टाकीत सुखरूप राहील असं आपण धरून चालतो. तीन ते सहा महिन्यांत त्याचा कस उतरू लागतो. गाडी दोन-तीन महिनेच उभी असेल तर टाकीत ताजं पेट्रोल भरावं आणि चालवावी. वर्ष उलटलं असेल तर चावीला हात न लावता आधी टाकी रिकामी करून घ्यावी. डिझेलवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. तळाच्या पाण्यावर डिझेलमध्ये बुरशी धरते आणि फिल्टर तुंबतो. गाडी ठेवूनच जायचं असेल तर झाकणाचं रबर तपासावं आणि बॅटरीची वायर सोडवावी, किंवा कुणाला तरी दर पंधरा दिवसांनी पाच-दहा किलोमीटर फिरवून आणायला सांगावं. जागच्या जागी दोन मिनिटं चालू करून बंद केल्याने बॅटरी उलट उतरते.

मूर्ती यंदा शेजारच्या पोराच्या डोक्यावरून आली. गाडी सुरू झाली ती गौरी-गणपतीच्या विसर्जनादिवशी. मिस्त्रीचे पैसे दिल्यावर हिशेब केला. वर्षातून दोनदा गावी येणाऱ्याने गाडी विकावी आणि कणकवली स्टेशनवरून रिक्षा करावी. मी अजून विकलेली नाही. पण या वेळी निघताना टाकीत दोनच लिटर ठेवलं आणि चावी मिस्त्रीकडे दिली.