फीडिंग पॉइंट ठरवताना कोल्ह्यालाही विचारा

२०२४ च्या उन्हाळ्यात वसई किल्ल्यात बिबट्या आला आणि तो पिंजऱ्यात सापडेपर्यंत तीन आठवड्यांहून जास्त काळ आपल्या ग्रुप्सवर दुसरा विषय नव्हता. सीसीटीव्हीच्या क्लिप्स, मीम्स, ‘संध्याकाळी किल्ल्यात जाऊ नका’चे फॉरवर्ड्स. जंगलातलं जनावर वस्तीत आलं की बातमी होते. उलटं झालं की मात्र होत नाही. वस्तीतलं जनावर तिवरांत, मिठागरांत, जंगलाच्या कडेला शिरतं, तिथल्या प्राण्यांवर हल्ले करतं, त्यांना आजार देतं आणि आपण त्याच्यापुढे बिस्किटाचा पुडा फोडतो.

हो, मी भटक्या कुत्र्यांबद्दलच बोलतेय. लगेच पान उलटू नका. हा ‘कुत्रे हटवा’ टाइप लेख नाही. प्रश्न एवढाच आहे की आपण त्यांना खायला कुठे घालतो.

आधी जरा लांबचं उदाहरण. उत्तर अमेरिकेत कायोट नावाचा प्राणी आहे, कोल्हा आणि लांडग्याच्या कुळातलाच. पूर्वी तो मुख्यतः तिथल्या पश्चिमेकडच्या माळरानांवर असायचा. माणसाने लांडगे मारले, जंगलं तोडून शेती केली आणि कायोटला रान मोकळं मिळालं. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत तो पूर्व किनाऱ्यापर्यंत आणि खाली पनामापर्यंत पोचला. नव्या ठिकाणी तो समुद्री कासवांची घरटीसुद्धा उकरतो. पण कायोट निदान स्वतःच्या पायांनी आणि स्वतःच्या पोटासाठी गेला. आपल्याकडे ही जागा कुत्र्याने घेतली आहे आणि त्याला तिथवर आपण नेलंय.

वसई-विरारचा नकाशा बघा. पूर्वेला तुंगारेश्वर अभयारण्य, सुमारे ८५ चौरस किलोमीटर. पश्चिमेला अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगावचा किनारा. दक्षिणेला नायगाव-जूचंद्रची मिठागरं आणि खाडीची तिवरं. मधे आपण, २०११ च्या जनगणनेतच बारा लाखांच्या वर. आपला कचरा जातो गोखिवऱ्याच्या कचराभूमीवर, म्हणजे तुंगारेश्वरच्या डोंगरापासून फार लांब नाही. जिथे कचरा तिथे कुत्रे, हे सांगायला संशोधक लागत नाही.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. रानातला शिकारी भक्ष्यावर जगतो. ससे, उंदीर, पक्षी कमी झाले की तोही कमी होतो, मग भक्ष्याला सावरायला वेळ मिळतो. कुत्र्याचं तसं नाही. त्याचं पोट आपल्या कचऱ्यावर आणि आपल्या प्रेमावर भरतं. टिटवीची जमिनीवरची अंडी संपली तरी तो उपाशी राहत नाही, उद्या परत त्याच मिठागरात फिरायला जातो. त्यामुळे त्याच्या संख्येला रानाचा ब्रेकच लागत नाही.

हे फक्त माझं निरीक्षण नाही. २०१७ मध्ये भारतीय संशोधकांनी देशभरातल्या लोकांकडून माहिती मागवून एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात कुत्र्यांनी ८० प्रजातींच्या प्राण्यांवर हल्ले केल्याच्या नोंदी आल्या आणि त्यातल्या ३१ प्रजाती जागतिक पातळीवर धोक्यात असलेल्या होत्या.

पण दातांपेक्षा मोठा धोका आजाराचा. मुंबई महानगरातल्या तिवरांमध्ये आजही सोनेरी कोल्हे आहेत. ठाणे खाडी, विक्रोळी, ऐरोली या पट्ट्यात ते दिसतात. रेबीज आणि डिस्टेंपर हे कुत्र्यांचे आजार कोल्ह्यालाही होतात. २०२४ मध्ये चेंबूर भागात कोल्ह्याने माणसांना चावा घेतला आणि तपासणीत रेबीज निघाला. डिस्टेंपर काय करू शकतो ते गीरमध्ये दिसलं. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथल्या एकाच भागात २३ सिंह मेले आणि त्यांपैकी काहींच्या शरीरात डिस्टेंपरचा विषाणू सापडला. सिंहाचं हे होतं, तर खाडीकाठच्या चार-पाच कोल्ह्यांच्या कुटुंबाचं काय होईल? त्यात संकराचा प्रश्न वेगळाच. पुण्याजवळच्या माळरानावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं २०२३ मध्ये जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं. म्हणजे एकही लांडगा न मारता लांडगा संपू शकतो.

आता मुद्द्यावर येते. २०२३ च्या एबीसी नियमांनुसार सोसायटीने किंवा स्थानिक संस्थेने फीडिंगची जागा ठरवायची. ती मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून, येण्या-जाण्याच्या वाटेपासून दूर हवी. मुलं आणि ज्येष्ठ नागरिक जिथे कमीत कमी फिरतात अशी हवी. २२ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की रस्त्यावर कुठेही नाही, ठरवून दिलेल्या जागीच खायला घाला. सगळं बरोबर. पण वसई-विरारमध्ये माणसं कमीत कमी फिरतात अशी जागा कुठली? टॉवरच्या मागची खाजण जमीन. मिठागराचा बांध. तिवरांची कड. किनाऱ्याचं रिकामं टोक. म्हणजे जिथे माणसं सगळ्यांत कमी, तिथे रानातले जीव सगळ्यांत जास्त. माणसांची भांडणं टाळायची म्हणून आपण कुत्र्यांचं ताट नेमकं कोल्ह्याच्या दारात मांडतोय. जागा निवडताना कोणाचा विचार करायचा, त्या यादीत मुलं आहेत, आजी-आजोबा आहेत. कोल्हा नाही, टिटवी नाही.

काही जण म्हणतील, ‘तिवरं तोडली कोणी? खाजणात भराव टाकले कोणी? मग कुत्र्यांना का बोलता?’ शंभर टक्के मान्य. मोठा गुन्हा माणसाचाच. पण त्यामुळेच उरलेली जागा जास्त जपायला हवी. दहा एकरांतली एक एकर उरली आणि तिथेही रोज कुत्र्यांची टोळी फिरली, तर तिवर उभं राहील पण आत कोणी नसेल. आणि यात कुत्र्याचा दोष शून्य आहे. खाजणाच्या कडेला वाढणाऱ्या कुत्र्यालाही लस मिळत नाही, नसबंदीची गाडी तिथे सहसा जात नाही, आजारी पडला तर बघायला कोणी नाही.

म्हणून कॉलेजमधल्या प्रत्येक फीडिंग ग्रुपला माझं सांगणं आहे. खायला घाला, पण वस्तीच्या आत, ठरलेल्या वेळी, आणि उरलेलं उचलून आणा. ज्याला रोज खायला घालता त्याची नसबंदी आणि लस झाली का, याची वही ठेवा. नसेल झाली तर महापालिकेच्या मागे लागा. किनाऱ्यावर पाळीव कुत्रा नेलात तर दोरी हातातच ठेवा. सीगलच्या थव्यामागे तो धावतोय हे रीलसाठी भारी दिसतं, पण हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याची विश्रांती त्यात जाते. एनएसएस आणि नेचर क्लबवाल्यांनी एकत्र बसून आपल्या भागातली मिठागरं, तिवरं, पाणथळ जागा नकाशावर खुणावाव्यात आणि ‘इथे फीडिंग पॉइंट नको’ असं प्रभाग कार्यालयात लेखी द्यावं.

प्राण्यांवर प्रेम करणारी मुलं आपल्याकडे भरपूर आहेत, आणि ते चांगलंच आहे. त्यांच्यातल्या निम्म्यांनी जरी पुढच्या वेळी पुडा फोडण्याआधी ‘इथे आणखी कोण राहतं?’ एवढं विचारलं, तरी खाडीकाठी रात्री कोल्हेकुई ऐकू येत राहील.