बाबांची ट्रंक आणि भाच्याचं टर्नटेबल

"डीजे" हा शब्द आपल्याकडे बिचारा फारच बदनाम झालाय. मिरवणुकीत ट्रॉलीवर रचलेल्या स्पीकरच्या भिंती, छातीत धडधड आणि थरथरणारी तावदानं... आपला डीजे तो हाच. त्यामुळे आमच्या सतरा वर्षांच्या भाचेबुवांनी "मला स्क्रॅचिंग आणि सॅम्पलिंग शिकायचंय, टर्नटेबल हवंय" असं जाहीर केल्यावर पुण्याच्या घरी काय झालं असेल, कल्पना करा. त्यात घरात बाबांच्या रेकॉर्ड्सची ट्रंक. नाट्यसंगीत, भावगीतं आणि तळाशी लाखेच्या काही ७८ आरपीएमच्या तबकड्या. ताईचं म्हणणं एकच: "बाबा रेकॉर्ड कडेने धरायचे, बोटसुद्धा लागू द्यायचे नाहीत. आणि हा त्यावर पंजा ठेवून मागेपुढे करणार?"

न्यू जर्सीतल्या माझ्या बेसमेंटमध्ये हा उद्योग बरीच वर्षं चालू असल्याने खटला माझ्याकडे आलाय. फोनवर प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा इथेच लिहितो, घरचे सगळे वाचतातच. निकाल आधी सांगतो: मुलाला टर्नटेबल द्यावं. एकच द्यावं, पण चांगलं द्यावं. ट्रंकही द्यावी, मात्र एका अटीवर. ती अट शेवटी.

आधी एक गोंधळ दूर करू. सॅम्पलिंग आणि स्क्रॅचिंग ही दोन वेगळी कामं आहेत. सॅम्पलिंग म्हणजे रेकॉर्ड ऐकत बसायचं, त्यातला दोन सेकंदांचा तबला किंवा व्हायोलिनचा एखादा तुकडा हेरायचा, तो उतरवून घ्यायचा आणि त्यातून नवीन काही बांधायचं. इथे कान लागतो. स्क्रॅचिंग म्हणजे रेकॉर्ड हेच वाद्य. एका हाताने तबकडी मागेपुढे, दुसऱ्या हाताने मिक्सरचा क्रॉसफेडर, म्हणजे आवाज उघड-बंद करणारी सरकती कळ. इथे हात लागतो, आणि रियाझ.

दोन्हींचं मूळ न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, आणि दोन्ही घरगुती आहेत बरं का! ११ ऑगस्ट १९७३ला १५२०, सेजविक अव्हेन्यू या इमारतीत कूल हर्कच्या बहिणीने पार्टी ठेवली होती. हर्क एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेऊन गाण्यातला फक्त तालाचा तुकडा लांबवायचा. दोन टर्नटेबलं लागतात ती या कामाला. ग्रँडमास्टर फ्लॅशची आई शिवणकाम करायची. रेकॉर्ड हाताखाली सहज सरकावी म्हणून त्याने फेल्टचा गोल तुकडा कापून त्याला स्टार्च मारला. आजचा स्लिपमॅट तो हाच. आणि ग्रँड विझर्ड थिओडोर सांगतो की १९७५च्या आसपास आई आवाजावरून रागवायला खोलीत आली, म्हणून त्याने चालती रेकॉर्ड हाताने धरून ठेवली. धरलेल्या हाताखालून जो आवाज निघाला त्यातून स्क्रॅच जन्मला. तेव्हा ताई, तू दारात उभी राहून ओरडते आहेस, ते परंपरेला धरूनच आहे!

आता यंत्र. पहिला नियम: पट्ट्यावर चालणारं, म्हणजे बेल्ट ड्राइव्ह घेऊ नये. गाणी ऐकायला ते उत्तम. पण हाताने रेकॉर्ड धरली की पट्टा घसरतो किंवा ताणतो, आणि सोडल्यावर पुन्हा वेग धरायला वेळ लागतो. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये चकती थेट मोटरवरच बसवलेली असते. टेक्निक्सचं एसएल-१२०० हे १९७२चं, खरं तर घरी निवांत गाणी ऐकणाऱ्यांसाठी काढलेलं. १९७९च्या एमके२ला वेगाची सरकती पट्टी आली, ८ टक्के वर, ८ टक्के खाली, आणि जगभरच्या डीजेंनी ते उचललं. ०.७ सेकंदात पूर्ण वेग! २०१०मध्ये उत्पादन थांबलं, २०१६मध्ये टेक्निक्सने ते पुन्हा सुरू केलं आणि २०१९मध्ये एमके७ आलं.

पण नावाला भुलू नये. मोटरचा जोर, ज्याला टॉर्क म्हणतात, तो बघावा. जुन्या एमके२चा १.५ किलो-सेंमी होता आणि जगातले उत्तमोत्तम स्क्रॅच त्यावरच झाले. पायोनियरच्या पीएलएक्स-१०००चा ४.५ आहे. यापैकी काहीही चालेल. सूटकेससारखं दिसणारं, अंगातच स्पीकर असलेलं स्वस्त यंत्र मात्र नको. मामाने अमेरिकेतून जुनं टेक्निक्स आणावं असाही प्रस्ताव आहे. इथली बहुतेक जुनी यंत्रं १२० व्होल्टवर चालतात, पुण्यात २३०. वर दहा किलोंचं धूड. तिथेच घ्या.

एकच का? कारण शिकणाऱ्याला एकच हात रेकॉर्डवर ठेवायचा असतो. ताल लॅपटॉपवरून लावावा. दुसऱ्या टर्नटेबलाचे पैसे मिक्सरमध्ये घालावेत, कारण स्क्रॅचचा अर्धा आवाज क्रॉसफेडरमध्ये असतो. फेडर हलका हवा आणि कडेपासून केसभर सरकवला की आवाज पूर्ण उघडला पाहिजे. फेडर झिजतोच, तेव्हा बदलता येणारा घ्यावा. यंत्र जड, न हलणाऱ्या टेबलावर ठेवावं, स्पीकरच्या फळीवर नाही. आणि रियाझ हेडफोनवर करावा. वरच्या मजल्यावरच्या काकूंचा प्रश्न तिथेच मिटतो.

आता खरी ग्यानबाची मेख: सुई. स्क्रॅचला गोल टोकाची सुई लागते आणि ती ३-४ ग्रॅम वजनाने दाबावी लागते, नाहीतर खाचेतून उडते. ऐकायला आणि उतरवून घ्यायला लंबगोल टोकाची, दीड-दोन ग्रॅमवर चालणारी सुई बरी. ती खाचेतले बारकावे नीट टिपते आणि रेकॉर्ड कमी झिजवते. दोन हेडशेल घ्यावीत, दोन सुया घ्याव्यात. बदलायला अर्धं मिनिट लागतं. बदलल्यावर वजन तेवढं पुन्हा लावून घ्यायचं. सगळ्या खर्चात मी कशाचा हट्ट धरीन तर या दुसऱ्या सुईचा.

कारण ताईची भीती खोटी नाही. एकाच जागी पुढेमागे घासून रेकॉर्ड खरोखर झिजते आणि मग त्या जागी कायमची खरखर लागते. लाखेच्या तबकड्यांवर तर स्क्रॅच करायचाच नाही. त्या ठिसूळ असतात, आणि त्यांची खाच एलपीपेक्षा खूप रुंद असल्याने सुईही वेगळी लागते. शिवाय एमके२सारख्या यंत्रांवर ७८चा वेगच नाही. पण त्यावर एक युक्ती आहे. तबकडी ४५वर वाजवून रेकॉर्ड करायची आणि कॉम्प्युटरवर वेग १.७३ पट करायचा. जुने लोक याच्या बरोब्बर उलट करायचे. १९८७च्या एसपी-१२०० सॅम्पलरमध्ये जेमतेम १० सेकंदांचा आवाज मावायचा, म्हणून ३३ची रेकॉर्ड ४५वर पळवून आत घ्यायची आणि मग यंत्रात हळू करायची. त्यातून येणारा किरकिरा, जाड आवाज हीच पुढे हिपहॉपची चव झाली.

तर आता अट. बाबांची प्रत्येक रेकॉर्ड आधी पुसून, हलक्या सुईने, संपूर्ण वाजवून कॉम्प्युटरवर उतरवायची. मधलं तुकड्यातुकड्याचं ऐकणं नाही, पहिल्या सुरापासून शेवटच्या खरखरीपर्यंत. फाइलला गायकाचं, संगीतकाराचं, कवीचं नाव द्यायचं. मग रेकॉर्ड परत ट्रंकेत. स्क्रॅचसाठी आता टाइमकोडची रेकॉर्ड मिळते. तिच्यावर गाणं नसतंच, फक्त सुई कुठे आणि किती वेगाने चालली आहे याचा संकेत असतो. तिच्यावर हात फिरवला की लॅपटॉपमधली बाबांची फाइल मागेपुढे होते. झिजते ती टाइमकोडची रेकॉर्ड, बाबांची नाही.

नावाचा हट्ट उगीच नाही. २००२मध्ये ट्रूथ हर्ट्स या गायिकेच्या 'अ‍ॅडिक्टिव्ह' गाण्यात लताबाईंचा आवाज जगभर गाजला. तो 'ज्योती' या १९८१च्या चित्रपटातला. संगीतकार बप्पी लाहिरींचं नाव कुठेच नव्हतं. शेवटी २००३मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाला सांगावं लागलं की नाव द्या, नाहीतर विक्री थांबवा. घरात खेळणाऱ्या पोराला कोर्ट लागणार नाही. पण दुसऱ्याचा सूर उचलताना तो कोणाचा, हे माहीत असणं ही किमान सभ्यता आहे. आणि बाहेर प्रसिद्ध करायचं झालं तर परवानगी हवीच.

आता सगळ्यांनाच एक विचारतो. बाबा गेल्यापासून ती ट्रंक कोणी उघडली आहे? आपण सगळे तिला जपतो म्हणजे नेमकं काय करतो? वर चादर घालतो. कुमारांचं एखादं निर्गुणी भजन पहिल्यापासून शेवटपर्यंत, मोबाइल बाजूला ठेवून, शेवटचं कधी ऐकलं? या पोराला दोन सेकंदांच्या तुकड्यासाठी का होईना, ट्रंकेतली प्रत्येक बाजू ऐकावी लागणार आहे. तबला कुठे एकटा पडतो, ऑर्गनचा सूर कुठे मोकळा सुटतो, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळणार आहे. त्यातून तो जे बनवेल ते आपल्याला आवडेलच असं नाही. मला तर बहुधा नाहीच आवडणार. पण ट्रंक उघडेल.

तेव्हा ताई, टर्नटेबलाचे निम्मे पैसे माझे. त्याला म्हणावं, आधी दुसरी सुई आण, मग ट्रंकेची किल्ली माग.