कॅमेरा, येन आणि ‘जपानी स्वभाव’

गळ्यात कॅमेरा, पुढे झेंडी धरलेला मार्गदर्शक आणि स्थळ डोळे भरून पाहण्याआधीच ते टिपून घेण्याची घाई, हे जपानी प्रवाशाचे चित्र गेल्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य देशांत इतके रूढ झाले की, छायाचित्रणाचा सोस हा जपानी माणसाचा उपजत स्वभावच होय, असे मानले जाऊ लागले. वस्तुतः या सोसाची मुळे स्वभावापेक्षा अर्थकारणात अधिक सापडतात.

महायुद्धोत्तर काळात परकीय चलनाच्या टंचाईमुळे केवळ सहलीसाठी परदेशी जाण्याची मुभा जपानी नागरिकाला नव्हती. ती मिळाली १ एप्रिल १९६४ रोजी. तीही वर्षातून एकदा आणि ५०० डॉलरांच्या मर्यादेत. एका डॉलरला त्या वेळी ३६० येन मोजावे लागत. याउलट कॅमेरा हा घरचाच माल होता. १९५९ च्या ‘निकॉन एफ’नंतर जपानी कॅमेऱ्यांनी जर्मन कॅमेऱ्यांना जागतिक बाजारपेठेत मागे टाकले. प्रवास दुर्मीळ, रजा तुटपुंजी आणि कॅमेरा सुलभ, अशी ही स्थिती होती. शिवाय निघताना आप्तेष्टांनी वाटखर्चासाठी पैसे द्यावेत आणि परतताना प्रवाशाने त्यांच्यासाठी भेटवस्तू आणाव्यात, अशी तेथील रीत. मागे राहिलेल्यांना प्रवासाचा हिशेब देण्याचे छायाचित्र हेही एक साधन ठरले, तर त्यात नवल नाही.

१९८५ च्या प्लाझा करारानंतर येनचे मूल्य झपाट्याने वाढले. निर्यातीच्या आधिक्यावरून टीका होत असताना जपान सरकारनेच १९८७ मध्ये परदेशी जाणाऱ्यांची संख्या पाच वर्षांत एक कोटीवर नेण्याचे ठरविले. ते उद्दिष्ट १९९० मध्येच गाठले गेले. ज्या झुंडींची जगाने थट्टा केली, त्यांना राजधोरणाचेही पाठबळ होते.

आज पारडे फिरले आहे. २०२४ मध्ये डॉलरचा भाव १६० येनपर्यंत चढला आणि त्या वर्षी सुमारे ३ कोटी ६८ लाख परदेशी पाहुणे जपानला आले. परदेशी जाणारे जपानी मात्र २०१९ मधील दोन कोटींवरून सुमारे १ कोटी ३० लाखांवर आले. त्याच वर्षी फुजीकावागुचिको येथे दुकानामागील फुजी पर्वत टिपणाऱ्यांची गर्दी हटविण्यासाठी काळा पडदा उभारावा लागला. क्योटोच्या गिओन भागात खाजगी गल्ल्यांत शिरण्यास मनाई करून दहा हजार येन दंडाचे फलक लागले. कालचे छायाचित्रकार आज छायाचित्राचा विषय झाले आहेत.

तेव्हा ‘पर्यटकांची जात’ म्हणून बोटे मोडण्यात अर्थ नाही. विनिमयदर बदलला की कॅमेऱ्यामागचा चेहरा बदलतो. खरा प्रश्न न्याय्य वाटणीचा आहे. पर्यटनाचा नफा हॉटेलमालकाला आणि दुकानदाराला मिळतो. उपद्रव मात्र गल्लीत राहणाऱ्याच्या वाट्याला येतो. क्योटोने २०१८ पासून मुक्कामावर कर बसविला आहे. असा पैसा त्या रहिवाशाच्या सोयीसाठी खर्च झाला, तरच पाहुणचार टिकेल. पडद्याने पर्वत झाकता येतो, हा विषम हिशेब नव्हे.