दगडाला आधी त्याचे गाव विचारा

छंदाची सुरुवात बहुतेक वेळा खरेदीने होते आणि तिथेच तो बिघडतो. दगड जमवण्याच्या छंदाबाबत तर हे हमखास घडते. माणूस आधी पैसे मोजतो, मग दगडाविषयी वाचतो आणि शेवटी आपण घेतलेली वस्तू खरीच आहे हे स्वतःला पटवत बसतो.

माझ्या भाच्याला सध्या जेडचे वेड लागले आहे. आपल्या उर्दू बोलणाऱ्या घरांत ज्याला संग-ए-यशब म्हणतात, तोच हा दगड. ईदला त्याने हिरवी माळ दाखवली आणि विचारले, “मामू, किती किमतीची वाटते?” मी विचारले, “आली कुठून?” त्याच्याकडे उत्तर नव्हते. विकणाऱ्याने फक्त ‘अस्सल’ एवढेच लिहिले होते.

माझे म्हणणे एवढेच आहे की, नव्या संग्राहकाने किमतीचा प्रश्न मागे ठेवावा आणि उगमाचा प्रश्न पुढे आणावा. बाकीची समज या एका सवयीतून येते.

जेड हे मुळात एका दगडाचे नाव नाही. नेफ्राइट आणि जेडाइट ही दोन वेगळी खनिजे त्या नावाने ओळखली जातात. १८६३ साली आलेक्सी दामूर या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने त्यांतला फरक दाखवून दिला. मोगलांच्या कारागिरांनी ज्या दगडातून प्याले आणि खंजिरांच्या मुठी घडवल्या तो नेफ्राइट. तो प्रामुख्याने मध्य आशियातल्या खोतानच्या नद्यांमधून यायचा. दागिन्यांतला गर्द हिरवा, महागडा जेडाइट मुख्यतः म्यानमारमधून येतो. आपल्या बाजारात ‘इंडियन जेड’ म्हणून जो विकला जातो तो बहुधा अॅव्हेंच्युरिन, म्हणजे गारगोटीच्याच कुळातला हिरवा दगड. तो वाईट नाही, देखणाही आहे. फक्त तो जेड नाही.

हा फरक घरी तपासता येतो. दगड कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून आकडा शून्यावर आणा आणि दोऱ्याला बांधलेला दगड, तळाला न टेकवता, पाण्यात पूर्ण बुडवा. काट्यावर दिसेल त्या आकड्याने कोरड्या वजनाला भागा. ५३ ग्रॅमच्या दगडाला पाण्यात २० ग्रॅम दिसले तर उत्तर २.६५ येते, तो अॅव्हेंच्युरिन असू शकतो, नेफ्राइट नक्कीच नाही. नेफ्राइट २.९ ते ३ च्या आसपास आणि जेडाइट ३.३ च्या आसपास असतो. माळेतला दोरा आणि इतर मणी हिशेब बिघडवतात, म्हणून सुटा दगड घ्यावा. जेड आम्लाने धुऊन त्यात राळ भरली असेल तर ते मात्र या तोलण्यातून कळेलच असे नाही, त्याला प्रयोगशाळा लागते.

ही युक्ती आजची नाही. सुमारे हजार वर्षांपूर्वी अल-बिरुनीने पाण्याच्या खास भांड्याने रत्ने आणि धातू यांच्या घनतेची तुलना केली होती. रत्नांवर त्याने ‘किताब अल-जमाहिर’ हा ग्रंथही लिहिला. यशबच्या भांड्यात विषारी अन्न ठेवले की भांडे तडकते, अशी समजूत पुढे दरबारांतही होती. आज ‘जेड घातला की बरकत येते’ असे सांगणारा विक्रेता त्याच समजुतीचा वारस आहे. आपण मात्र वारसा बिरुनीचा घ्यावा: आधी तोलावे, मग बोलावे.

उगम हरवला की काय हरवते हे समजून घ्यायचे तर आपल्या जुन्नर तालुक्यातच पाहावे. कुकडी नदीकाठी बोरी बुद्रुक आहे. (बुद्रुक म्हणजे फारसीतले बुजुर्ग, मोठे, गावाच्या नावालाही उगम असतो.) इथे नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. ही राख सुमारे तीन हजार किलोमीटरवरच्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची मानली जाते. त्याच परिसरातल्या थरांत आदिमानवाच्या दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी १९८० च्या दशकात तिथे काम केले.

आता राखेच्या वयाची गोष्ट पाहा. सुरुवातीच्या एका मोजणीत ते सुमारे १४ लाख वर्षे आले. दुसऱ्या पद्धतीने साडेसहा लाखांच्या आसपास आले. काही अभ्यासकांनी ती टोबाच्या सर्वांत अलीकडच्या महास्फोटाची, म्हणजे सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीची ठरवली. पुढे राखेतल्या काचकणांच्या अभ्यासातून ती टोबाच्याच, पण सुमारे ८ लाख वर्षांपूर्वीच्या स्फोटाची असल्याचे मांडले गेले.

यावर कोणी हसेल. मला मात्र यात संग्राहकासाठी मोठा धडा दिसतो. इतकी शिकलेली माणसे आपले लेबल पुन्हा पुन्हा तपासतात, मग आपण पाचशे रुपयांच्या माळेवरचे लेबल अंतिम का मानावे? दुसरे असे की, हा वाद चालू शकला कारण राख तिच्या थरातच होती आणि पुन्हा पुन्हा तपासता आली. तिथली एखादी हातकुऱ्हाड कोणी हौसेने उचलून दिवाणखान्यात ठेवली, तर ती कोणत्या थरातली हे सांगणारा साक्षीदार उरत नाही. तिचा फक्त शोभेचा दगड होतो. म्हणून संग्राहकाने न उचलायलाही शिकले पाहिजे. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंच्या व्यापारावर परवान्याचे बंधन आहेच. पण कायद्याचा धाक नसता तरी माझे मत हेच राहिले असते.

‘कुठून आला?’ या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, ती माणसांची. २ जुलै २०२० रोजी म्यानमारच्या कचिन प्रांतातल्या फाकांत भागात जेडच्या खाणीतला मातीचा ढिगारा कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. खाणकंपन्यांनी टाकलेल्या मातीत हिरवा तुकडा शोधणारे हे गरीब लोक होते. आपण अन्नाबाबत हलाल-हराम इतके बारकाईने पाहतो. मग बोटातल्या खड्यामागे कोणाचे रक्त सांडले, हे विचारणे जास्तीचे कसे?

“इतका विचार केला तर छंदातला आनंदच जाईल,” असे भाचा म्हणाला. मला उलट वाटते. घराघरांत चांदीत बसवलेला अकीक असतो. अकीक भट्टीत तापवून त्याचा रंग लालभडक करतात, ही खंभातच्या कारागिरांची जुनी, उघड विद्या आहे. ते कळल्यावर अंगठीची शान कमी होत नाही, वाढते. दगडावर हात फिरवणे हा दोष नाही. ते लपवून विकणे हा दोष आहे.

म्हणून नव्या संग्राहकाला माझा सल्ला असा आहे. पहिले सहा महिने काही घेऊ नका, फक्त पाहा. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात यशबची दालने आहेत. तिथे सुलतान अल्तमशचे नाव कोरलेली यशबची रेहल आहे. तिच्यापुढे निवांत उभे राहा. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात आपल्याच दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत तयार झालेले झिओलाइट आणि अॅपोफिलाइटचे स्फटिक पाहा. आपल्या भागात जेड नाही, पण विहिरीच्या खोदाईत निघणारी स्फटिकांची गार आहे. मालकाला विचारून ती घ्या. गाव, विहिरीची जागा, खोली आणि तारीख लिहून ठेवा. माहीत नसेल तिथे ‘माहीत नाही’ असे स्वच्छ लिहा.

अशी चिठ्ठी असलेला बोरीतला साधा दगड मला त्या बेनाम हिरव्या माळेपेक्षा मोलाचा वाटतो. दगडाचे वय लाखांत आणि कोटींत मोजतात, आपले फार तर शंभरात. तो आपल्याकडे अमानत म्हणून येतो आणि आपल्यानंतर दुसऱ्याच्या हाती जातो. त्या माणसाला दगडासोबत त्याची खरी हकीकतही मिळाली पाहिजे.